अस्र ते मगरिब

निबंधाला ‘माझी सुट्टी’ हा विषय दिला की वर्गातल्या दोन-तीन वह्यांत तरी समुद्र येतोच. आमच्या शहराला समुद्र नाही. लहानपणी संध्याकाळी पाय मोकळे करायचे म्हणजे शहागंजच्या घड्याळापासून निघायचं, सिटी चौकातून मछली खडकच्या गर्दीत शिरायचं आणि गुलमंडीवर पोचायचं. तीच आमची चौपाटी.

गुल म्हणजे फूल आणि मंडी म्हणजे बाजार. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली. तिचं पुढे फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आणि 2023 मध्ये सरकारी कागदांवर छत्रपती संभाजीनगर. रिक्षावाल्याला मात्र आजही ‘गुलमंडी’ एवढंच म्हटलं की पुरतं.

अब्बा दर्जी होते. अस्रची नमाज झाली की मला बोटाला धरून निघायचे. अस्तर, बक्रम, बटणं, काजाचा धागा, काही ना काही आणायचं असायचंच. सुपारी हनुमानाच्या देवळातली घंटा, कढईतून निघणाऱ्या इमरतीचा वास, गजरेवाल्यांच्या ओल्या टोपल्या, आणि थोडं पुढे शेठजींचं दुकान. आत पांढरी गादी, तिच्यावर कपड्याचे ठाण आणि मोजायचा लोखंडी गज. शेठजी लाल बासनातली खातेवही काढून लिहायचे. दर्ज्याचा धंदा असा की शिलाई ईदला मिळणार आणि अस्तर आज लागणार. त्यामुळे अब्बांचं नाव त्या वहीतून कधी पुसलं गेलं नाही.

1988 च्या मे महिन्यात शहरात दंगल झाली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. संचारबंदीत खिडक्या बंद करून बसलेली अम्मी एवढंच नीट आठवतं. संचारबंदी उठली, बाजार उघडला, पण आमची फेरी बंदच राहिली. अब्बा अस्तर शहागंजातूनच आणू लागले. दोन पैसे जास्त पडायचे. का, ते मी विचारलं नाही. घरात कुणीच विचारत नव्हतं.

बकरी ईद जवळ आली तसे अब्बा अस्वस्थ झाले. शेठजींचे रमजानमधले 140 रुपये द्यायचे राहिले होते. शहिदाचे सगळे गुनाह माफ होतात, कर्ज होत नाही, हे ते आम्हाला नेहमी सांगायचे. अम्मी म्हणाली, ‘‘कुणाच्या हाती पाठवून द्या.’’ अब्बा म्हणाले, ‘‘कर्ज मी घेतलं, मीच देईन.’’ आणि मलाही सोबत घेतलं. अम्मीला ते अजिबात पटलं नव्हतं. ती दारातच उभी राहिली.

पाऊस भुरभुरत होता. मछली खडकमध्ये अब्बांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. शेठजींनी मान वर केली. क्षणभर दोघंही गप्प.

‘‘मास्टर, इत्ते दिन?’’

‘‘काम बंद था, शेठजी.’’

एवढंच. दंगलीचा विषय दोघांनीही काढला नाही. अब्बांनी नोटा मोजल्या. शेठजींनी वही उघडून रकमेवर आडवी रेघ मारली आणि वही मिटली. अब्बा उठले. तेवढ्यात शेठजींनी फिकट गुलाबी कपड्याचा ठाण गादीवर उलगडला. ‘‘बच्ची को ईद का फ्रॉक नहीं सियोगे?’’ अब्बांनी खिसा चाचपला. त्यात परतीच्या रिक्षाचेही पैसे नव्हते. शेठजींनी न विचारता दोन मीटर कापला आणि वही पुन्हा उघडली.

बाहेर आल्यावर अब्बा हसले. कित्येक आठवड्यांनी मी त्यांना हसताना पाहत होते. ‘‘मी कर्ज फेडायला आलो होतो,’’ ते म्हणाले, ‘‘आणि याने पुन्हा लावून दिलं!’’ पुढच्या आठवड्यापासून आमची फेरी सुरू झाली.

अब्बांचं निधन झालं तेव्हा जनाज्याच्या वेळी रिवाजाप्रमाणे विचारलं गेलं की मरहूमचं कुणाचं देणं असेल तर सांगावं. कुणी पुढे आलं नाही. तरी तिसऱ्या दिवशी भाईजान गुलमंडीवर गेले. शेठजी त्याआधीच वारले होते. त्यांच्या मुलाने वही चाळली. 65 रुपये निघाले, धाग्याच्या रिळांचे. तो घेईना. ‘‘जाऊ द्या हो, वडिलांचे संबंध होते.’’ भाईजान म्हणाले, ‘‘संबंध होते म्हणूनच घ्या, नाही तर बोजा त्यांच्यावर राहील.’’ तेव्हा त्याने घेतले आणि रेघ मारली.

परवा मुलीला घेऊन त्याच वाटेने गेले. दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं टांगलेली आहेत. दुचाकींमुळे हात धरून चालायलाही जागा नाही. मुलीला ओढणीला लेस हवी होती. तिने दुकानदाराच्या पाटीवरचा चौकोन मोबाईलने टिपला, ‘टिंग’ वाजलं, हिशोब संपला. दुकानदाराने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याची तरी काय चूक? मागे दहा जण उभे होते.

मी तिला फ्रॉकची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, ‘‘मग नानांनी त्या फ्रॉकचे पैसे दिले की नाही?’’

‘‘दिले ना. पण तेव्हा परत अस्तर घेतलं.’’

इमरती अजून मिळते. पाव किलो घेतली. तिलक पथाने पैठण गेटकडे निघालो तोच मगरिबची अजान सुरू झाली. मुलीने ओढणी डोक्यावर घेतली आणि कागदातली गरम इमरती या हातातून त्या हातात करत माझ्या पुढे चालू लागली.