हात ड्रमवरून जातो

नर्सिंगचा पहिला धडा मला सिस्टर ट्यूटरने दिला नाही. वॉर्डात फरशी पुसणाऱ्या मावशीने दिला.

साल १९८३. मराठवाड्यातल्या एका सरकारी दवाखान्याच्या नर्सिंग शाळेत मी नुकतीच लागले होते. बाप सालगडी. माय दुसऱ्याच्या रानात निंदायला. वस्तीतून शिकायला बाहेर पडलेली मी पहिली पोरगी. ट्रंकेत दोन साड्या, बाबासाहेबांचा फोटो आणि मायनं बांधून दिलेल्या भाकरी. एवढ्या भांडवलावर मी पांढऱ्या कपड्यात शिरले.

ड्रेसिंगचं प्रॅक्टिकल सुरू होतं. ड्रम म्हणजे स्टीलचा गोल डबा. त्यात गॉज, कापूस घालून वाफेवर निर्जंतुक करतात. त्याचं झाकण उघडं असताना वरून हात न्यायचा नाही. नेला की बाहीची धूळ, हाताचे जंतू आत पडतात आणि कुणाची तरी जखम चिघळते. गोष्ट साधी आहे. पण साधी गोष्टसुद्धा कुणीतरी सांगावी लागते.

शेजारच्या पोरीपाशी सिस्टर ट्यूटर थांबायची. तिचा हात मनगटात धरून वळवायची. ‘‘अगं मूर्ख, किती वेळा सांगू? ड्रमला वळसा घालून ये.’’ पोरगी रडकुंडीला यायची. माझ्यापाशी आली की ट्यूटर नुसती बघायची. वहीत काहीतरी लिहायची. पुढं जायची. माझ्या हाताला तिनं तीन वर्षांत एकदाही हात लावला नाही.

मार्क लागले. २५ पैकी ९. का ९? कुठं चुकलं? काही कळायला मार्ग नव्हता. विचारायची छाती नव्हती. खरं सांगते, मला त्या शेजारणीच्या शिव्यांचा हेवा वाटायचा. तिला रागवायला तरी कुणी होतं.

एकदा दुपारी मी एकटीच ट्रॉली लावून सराव करत होते. मावशी बादली घेऊन दारात उभी. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, ‘‘पोरी, तुहा हात डरमावरून जातोय बघ. त्याच्यावरूनच मोठ्या शिस्टर त्या दुसऱ्या पोरीवर बोंबलत्यात. तुला न्हाई बोलत त्या. पण हात तर तुहाबी जातोय.’’

मी परत केलं. मावशी म्हणाली, ‘‘गेला.’’ परत केलं. ‘‘गेला.’’ पाचव्यांदा म्हणाली, ‘‘आता न्हाई गेला.’’ आणि बादली उचलून निघून गेली.

आज याला फीडबॅक म्हणतात. त्यावर कार्यशाळा होतात, प्रमाणपत्रं वाटतात. मावशीनं जे केलं त्याच्यापलीकडं त्यात फारसं काही नाही. समोर उभं राहून बघितलं. काय बघितलं ते सांगितलं. परत करायला लावलं. झालं तेव्हा झालं म्हणाली.

पुढं १९८६ साली शेवटची व्हायव्हा. रात्रभर जागून मी पाठ केलं होतं. डिगॉक्सिनची गोळी द्यायच्या आधी नाडी मोजायची. मोठ्या माणसाची नाडी साठाच्या खाली असेल तर गोळी रोखायची आणि डॉक्टरला कळवायचं. परीक्षकानं विचारलं, ‘‘आडनाव काय?’’ सांगितलं. ‘‘गाव कुठलं?’’ सांगितलं. ‘‘वडील काय करतात?’’ सांगितलं. ‘‘ठीक आहे, जा.’’

तीन प्रश्न. एकाही प्रश्नात पेशंट नव्हता. मी काठावर पास झाले. पण मला येत होतं की नव्हतं, हे त्या दिवशी कुणालाच कळलं नाही. मलासुद्धा नाही. वॉर्डात पहिली रात्रपाळी लागली तेव्हा माझे हात थरथरत होते. लोक म्हणाले, सवलतीची पोरगी आहे, घाबरणारच. मित्रांनो, मी सवलतीमुळं घाबरले नव्हते. मला कुणी तपासून बघितलंच नव्हतं म्हणून घाबरले होते.

वीस वर्षं मला वाटत होतं, हे माझ्या एकटीच्याच वाट्याला आलं. मग २००६ साली दिल्लीच्या एम्समधल्या जातीय भेदभावाच्या तक्रारींवर सरकारनं समिती नेमली. डॉ. सुखदेव थोरात अध्यक्ष. २००७ साली अहवाल आला. देशातली सगळ्यात मोठी वैद्यकीय संस्था, तिथवर पोचलेली आपली हुशार पोरं, आणि त्यांनी काय सांगावं? शिक्षक आम्हाला वेळ देत नाहीत. प्रॅक्टिकल आणि व्हायव्हात न्याय होत नाही. आडून-समोरून जात विचारली जाते. बातमी वाचताना मला माझीच व्हायव्हा आठवली. लेखी पेपरवर नंबर असतो, तोंडी परीक्षेत तोंड असतं. आडनाव असतं. दवाखान्यातलं अर्धंअधिक शिक्षण तोंडावर आणि हातावर चालतं. म्हणून आपली पोरं तिथंच मारली जातात.

आणि अपमानाला ‘शिकवणं’ म्हणायची रीत दवाखान्यात जुनी आहे. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. तडवी भिल्ल समाजातली, पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर. जातीवरून छळ झाल्याची तक्रार तिच्या घरच्यांनी केली, प्रकरण न्यायालयात गेलं. मी न्यायाधीश नाही. पण शिवी आणि शिकवण यातली रेघ ओळखायला आपण शिकलं पाहिजे, एवढं मला तेव्हा पक्कं कळलं. माझ्यापुरती मी ती रेघ अशी मारते. ‘तुझा हात ड्रमवरून गेला’ ही शिकवण. ‘तुमच्या लोकांना हे जमायचं नाही’ ही शिवी. पहिली हाताबद्दल बोलते. हात सुधारता येतो. दुसरी जन्माबद्दल बोलते. तिथं सुधारायला जागाच ठेवलेली नसते.

इथवर सगळा दोष दुसऱ्यांचा. आता माझा सांगते. हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला.

२००३ साली मी स्वतः ट्यूटर झाले. मनाशी पण केला होता, आपल्या एकाही पोरीला मी ते ९ मार्क देणार नाही. आणि मी तो पण पाळला. आंधळेपणानं पाळला. आपल्या वस्तीतली पोरगी आली की माझा जीव गोळा व्हायचा. एक पोरगी होती. बाप वीटभट्टीवर. औषधाच्या डोसाची गणितं तिला जमत नव्हती. तोंड बारीक करून उभी राहायची. तिला काही बोलले तर तिला ती आपलीच जुनी ट्यूटर दिसेल, अशी मला भीती वाटायची. मी काही बोलले नाही. मार्क टाकले. पास केली. वर स्वतःची पाठ थोपटून घेतली.

२००८ साली ती स्टाफ नर्स म्हणून लागली. एका म्हाताऱ्या पेशंटला २० युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. वॉर्डात लाल टोपणाच्या सिरिंज, म्हणजे एका मिलीलीटरमागं ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी केलेल्या. नातेवाइकांनी बाहेरून आणलेली बाटली मात्र १०० युनिटची. तिनं लाल टोपणाच्या सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत भरलं. हिशेब तुम्हीच करा. ४० च्या सिरिंजवर २० ची खूण म्हणजे अर्धा मिली. १०० च्या बाटलीतला अर्धा मिली म्हणजे ५० युनिट. वीसच्या जागी पन्नास. म्हातारा झोपेतच गार पडला असता.

शेजारच्या सिस्टरनं बाटली उचलून बघितली आणि तिचा हात धरला. म्हणून म्हातारा वाचला. पोरगी वाचली. मीही वाचले.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘मॅडम, मला गणित येत नव्हतं हे तुम्हाला माहीत होतं ना? मग तेव्हाच का नाही सांगितलं?’’

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. एका ट्यूटरनं मला तिरस्कारानं शिकवलं नाही. मी या पोरीला मायेनं शिकवलं नाही. खाटेवरच्या म्हाताऱ्याला त्यात काय फरक? आणि खरं बघितलं तर पोरीला तरी काय फरक? दोघींनीही मनात एकच धरलं होतं, हिला जमायचं नाही. एकीनं ते धरलं आणि सोडून दिलं. दुसरीनं धरलं आणि झाकून ठेवलं.

त्यानंतर मी पद्धत बदलली. प्रत्येक प्रॅक्टिकलनंतर तीन-चार मिनिटं. बाजूला नेऊन, पेशंटसमोर नाही. आधी पोरीलाच विचारायचं, तुझं काय बरोबर झालं? मग, काय वेगळं करशील? मग मी काय बघितलं ते सांगायचं. दहा चुका नाही. सगळ्यात घातक असेल ती एक. आणि त्याच आठवड्यात परत करून घ्यायचं. यातला आधी शिकणाऱ्याला विचारण्याचा भाग इंग्लंडमधल्या पेंडल्टन नावाच्या अभ्यासकानं आणि त्याच्या सोबत्यांनी १९८४ सालीच पुस्तकात मांडला होता. मला तो फार उशिरा सापडला.

सुरुवातीला गंमत झाली. ‘तुझं काय बरोबर झालं?’ म्हटलं की आपल्या पोरी गप्प. खाली मान. हा प्रश्न त्यांना जन्मात कुणी विचारला नव्हता. आणि चूक सांगितली की डोळ्यांत पाणी. ज्याला आजवर फक्त हिणवलं गेलं, त्याला खरी चूक दाखवली तरी हिणवल्यासारखंच वाटतं. मलाही वाटायचं. हा आपल्या आतला घाव आहे. तो नाकारून चालणार नाही. पण घाव आहे म्हणून कुणी चूकच दाखवू नये, असंही म्हणता येणार नाही. महिनाभर गेल्यावर पोरी स्वतःच येऊन म्हणायला लागल्या, ‘‘मॅडम, आज बघा ना, माझा हात कुठं जातो?’’

कागदावर आता बरंच सुधारलंय. स्कॉटलंडमध्ये हार्डन आणि त्याच्या सोबत्यांनी १९७५ साली परीक्षेची एक रीत मांडली. तिला ऑस्की म्हणतात. एका रांगेत टेबलं, घंटा वाजली की पुढच्या टेबलावर, प्रत्येकाला तेच काम, परीक्षकाच्या हातात तीच छापील यादी. हात धुतले? खूण करा. पेशंटचं नाव विचारलं? खूण करा. तिथं वडील काय करतात याचा रकाना नाही. बी.एस्सी. नर्सिंगच्या २०२१ च्या नव्या अभ्यासक्रमात ही रीत आली. चांगलं झालं. पण यादी बोलत नाही. खुणा करून यादी फायलीत गेली आणि पोरीला नुसता आकडा कळला, तर ते माझे ९ मार्कच, फक्त छापील.

एम.बी.बी.एस.ला २०१९ साली नवा अभ्यासक्रम आला. माझा भाचा शिकतोय. त्याचं लॉगबुक मी चाळत होते. प्रत्येक कौशल्यापुढं रकाने. पहिला प्रयत्न की पुन्हा केलेला, शिक्षकाचा निर्णय, शिक्षकाची सही. आणि शेवटी ‘अभिप्राय मिळाला’, त्याच्यापुढं विद्यार्थ्याची सही. मी थांबले.

‘‘हे सगळं एकाच पेनानं कसं रे?’’

‘‘आत्या, टर्म संपताना एकाच दिवशी सगळ्यांच्या सह्या घेतात.’’

‘‘आणि अभिप्राय?’’

‘‘तो कोण देतं? सही करायची फक्त.’’

भावांनो, बहिणींनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. तो रकाना फुकट आलेला नाही. शिकणाऱ्याला सांगितलं पाहिजे, आणि सांगितलं की नाही याला शिकणाराच साक्षीदार, असं त्या कागदावर मान्य केलंय. आपण त्याच्याखाली खोटी सही करतो. न मिळालेल्या मजुरीच्या पावतीवर माझा बाप अंगठा लावायचा, तसं.

तेव्हा एवढं करा. एकट्यानं भांडू नका, एकट्याला मार्कांत गाठतात. पाच-सात जण मिळून जा, त्यात सगळ्या जातींची पोरं घ्या, कारण अभिप्राय त्यांनाही मिळत नाही. नम्रपणे तीनच प्रश्न विचारा. मी काय केलं? कसं व्हायला हवं होतं? परत कधी करून दाखवू? उत्तर मिळालं की तारीख घालून सही करा. नाही मिळालं तर रकाना मोकळा ठेवा. मोकळा रकानाही बोलतो.

आणि होस्टेलवर अभ्यासमंडळ चालवता ना? आठवड्यातला एक दिवस हातांसाठी ठेवा. चादर, रिकामी सलाईनची बाटली, कुणाकडून तरी मागून आणलेली छापील यादी. एकानं पेशंट व्हायचं, एकानं करायचं, एकानं बघायचं. बघणाऱ्यानं खोटं कौतुक करायचं नाही. ‘आपला आहे’ म्हणून सोडायचं नाही. माझी चूक तुम्ही करू नका. आपल्या माणसाला त्याची चूक तोंडावर सांगणं आणि तो सुधारेपर्यंत तिथंच उभं राहणं, यापेक्षा मोठी माया मला तरी ठाऊक नाही.

मी आता रिटायर झाले. मावशी केव्हाच गेली. तिला सही येत नव्हती, पगाराला अंगठा लावायची. माझ्या काळात लॉगबुक नव्हतं. असतं, तर अभिप्रायाच्या रकान्यात पहिला अंगठा तिचा असता.