बोरघाट उतरताना

पुण्याहून मुंबईकडे निघाल्यावर लोणावळा-खंडाळा मागे पडते, पठार संपते आणि समोर बोरघाटाची खोल दरी उघडते. १८६३ मध्ये या घाटातून रेल्वे सुरू झाली, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना ही वाट शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली, अशी आख्यायिका सांगतात. आजही अनेक चालक तेथे वेग कमी करून हात जोडतात.

घरातील प्रत्येकाची वाहन चालवण्याची सवय या उतारावर उघडी पडते. जुन्या पिढीतील कित्येकांना उतार लागताच गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची सवय असते. हेतू पेट्रोल वाचवण्याचा. आजच्या इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांत हा हिशेब उलटा आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरील पाय उचलला, की इंजिनाचा इंधनपुरवठा जवळजवळ थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. शिवाय गाडीचा सारा भार ब्रेकवर येतो. सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड सैल होते. म्हणून ज्या गिअरमध्ये हा चढ चढावा, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा घाटातील जुना नियम आजही खरा आहे.

तरुण पिढीची सवय निराळी. सरळ पट्टा दिसला की वेग वाढवायचा आणि वळण आले की जोरात ब्रेक मारायचा. यात इंधन अधिक जळते, वेळ फारसा वाचत नाही आणि मागे बसलेल्या आजी-आजोबांचे हाल होतात. प्रत्येक हिसक्याबरोबर त्यांची मान झुकते, मळमळ वाढते. हाडे ठिसूळ झालेली असतील तर अचानक ब्रेकचा धक्काही मणक्याला महागात पडू शकतो. मागच्या आसनावरील ज्येष्ठ व्यक्ती निवांत बसली असेल, तर गाडी सुरक्षित आणि काटकसरीने चालली आहे, असे खुशाल समजावे.

सीटबेल्ट मागच्या आसनावरही बांधलाच पाहिजे. त्याचा खालचा पट्टा पोटावर न ठेवता कमरेच्या हाडांवर बसवावा. मळमळ होणाऱ्यांनी शक्यतो पुढे बसावे, दूरवर पाहावे, निघण्यापूर्वी हलके खावे. उलटीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. वृद्धांना त्यांमुळे भ्रम होऊ शकतो किंवा लघवी अडू शकते. त्या डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात आणि चालकाने घेऊ नयेत. लघवी वारंवार लागेल या भीतीने पाणी टाळणे किंवा रक्तदाबाची गोळी स्वतःहून चुकवणे योग्य नाही. दीड-दोन तासांनी थांबून चार पावले चालावे; पायांची सूज त्याने कमी राहते आणि चालकालाही विसावा मिळतो.

मुलाला गाडी हळू चालव म्हणण्यास अनेक ज्येष्ठांना संकोच वाटतो. तो बाळगू नये. "बाळा, मला गरगरते आहे, जरा सावकाश घे," एवढे म्हणावे. पुढील वळणावर ते वाक्य आपल्याप्रमाणेच त्याचाही जीव राखते.