गुण वाढले, पण खेळ?

ऑन्टारिओत हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी, आणि इथल्या मध्यम आकाराच्या गावांत जिव्हाळ्याने बोललं जातं ते बहुतेक वेळा ज्युनियर हॉकीबद्दल. ऑन्टारिओ हॉकी लीग, म्हणजेच ओएचएल, ही सोळा ते वीस वर्षांच्या मुलांची स्पर्धा. सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत प्रत्येक संघ ६८ सामने खेळतो. मी ही लीग बरेच हंगाम पाहत आले आहे. हंगाम संपत आला की मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवणारा प्रश्न असतो तो यंदा सर्वाधिक सुधारलं कोण, हा. सर्वोत्तम कोण यावर फारसा वाद होत नाही, तो सगळ्यांना दिसतच असतो. सुधारणेचं तसं नाही. लीगच्या प्रशिक्षकांच्या वार्षिक मतदानात या प्रश्नाला स्वतंत्र जागा आहे, आणि रिंकच्या बाकांवर त्याची चर्चा वसंतभर चालते. उत्तर मात्र बहुतेक जण एकाच रीतीने काढतात. गोल केला की एक गुण, गोलला थेट हातभार लावला की एक गुण. यंदाच्या गुणांतून गेल्या वर्षीचे गुण वजा करायचे आणि ज्याचा आकडा मोठा तो पहिला. इतक्या हंगामांनंतर माझं मत असं झालं आहे की ही वजाबाकी खेळाडूपेक्षा त्याच्या भोवतालच्या परिस्थितीबद्दल जास्त बोलते. जागा, साथीदार, नशीब आणि वय यांचा वाटा काढून घेतल्यावर जे शिल्लक राहतं, तेवढीच त्या मुलाची सुधारणा.

ज्युनियर हॉकीत हा फरक व्यावसायिक हॉकीपेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचा ठरतो, कारण इथले संघ दर वर्षी आपोआप रिकामे होतात. वीस वर्षांचे फक्त तीन खेळाडू संघात ठेवता येतात, बाकीच्यांना वयामुळे जावंच लागतं. ते गेले की पहिल्या फळीतल्या जागा सुटतात आणि पॉवर प्लेवर, म्हणजे समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना, कोणाला तरी उतरावं लागतं. क्रिकेटमध्ये सातव्या क्रमांकावर येणाऱ्या फलंदाजाला सलामीला पाठवलं तर त्याच्या धावा वाढणारच. त्यावरून त्याचं तंत्र सुधारलं असं आपण लगेच म्हणत नाही. इथे मात्र नेमकं तेच म्हटलं जातं. त्यात नशिबाची भर पडते. हंगामात दीडशे फटके मारणाऱ्या मुलाचे दर शंभरांत दहा जाळ्यात गेले तर पंधरा गोल, सतरा गेले तर पंचवीस. फटके तेवढेच, ते मारण्याची ठिकाणंही तीच, आणि तरीही तो कागदावर नवा खेळाडू दिसू लागतो.

कॉनर ब्राउनचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. २०११-१२ मध्ये तो ओएचएलमधल्या ईरी ऑटर्सकडून खेळला आणि त्या संघाने ६८ पैकी फक्त १० सामने जिंकले. प्लस-मायनस नावाचा एक आकडा असतो. खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेले आणि खाल्लेले गोल यांचा तो फरक, पॉवर प्लेवरचे गोल सोडून. ब्राउनचा तो आकडा होता उणे ७२. नुसता तो वाचणाऱ्याला हा मुलगा खेळायलाच नालायक वाटला असता. पण त्याच हंगामात त्याने ५३ गुणही मिळवले होते, आणि इतक्या दुबळ्या संघात ५३ गुण मिळवणं ही लहान गोष्ट नव्हती. एनएचएल या व्यावसायिक लीगच्या २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, टोरोंटोने त्याला १५६ व्या क्रमांकावर घेतलं. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत पंधरा वर्षांचा कॉनर मॅकडेव्हिड विशेष परवानगीने ईरीत दाखल झाला. २०१३-१४ पर्यंत ऑटर्स ५२ सामने जिंकणारा संघ झाला होता आणि ब्राउनने १२८ गुणांसह लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. ५३ वरून १२८! तो सुधारला याबद्दल मला शंका नाही. पुढे एनएचएलमधल्या पहिल्या पूर्ण हंगामात त्याने २० गोल केले. पण त्या ७५ गुणांच्या फरकात त्याचा स्वतःचा वाटा किती, आणि पिढीतल्या सर्वांत मोठ्या खेळाडूच्या सहवासाचा किती? उणे ७२ ज्याप्रमाणे संघाच्या अवस्थेचा आकडा होता, त्याचप्रमाणे १२८ मध्येही संघ होताच. पडत्या काळातला आकडा संघाच्या माथी मारायचा आणि चढत्या काळातला एकट्या खेळाडूच्या नावावर लिहायचा, हा हिशेब मला मान्य नाही.

याची उलट बाजू कॅनडाच्या पश्चिमेकडच्या ज्युनियर लीगमध्ये, म्हणजे डब्ल्यूएचएलमध्ये, सापडते. मूस जॉ संघाच्या ब्रेडन पॉइंटने लागोपाठ तीन हंगामांत ९१, ८७ आणि ८८ गुण मिळवले. वजाबाकी करणाऱ्याच्या लेखी हा मुलगा जागच्या जागी थांबला होता. पण ते गुण अनुक्रमे ७२, ६० आणि ४८ सामन्यांत आलेले आहेत, म्हणजे दर सामन्यामागे सव्वा गुणापासून पावणेदोन गुणांच्याही पुढे. याच काळात ज्या गोष्टीवरून त्याच्याबद्दल शंका घेतली जात होती ते त्याचं स्केटिंग बदलत होतं. टॅम्पा बेने २०१४ मध्ये त्याला ७९ व्या क्रमांकावर निवडलं होतं, आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या बार्ब अंडरहिल यांनी, म्हणजे १९८४ च्या जोडी फिगर स्केटिंगच्या विश्वविजेत्यांपैकी एकीने, त्याच्या पावलांवर मेहनत घेतली. पहिली तीन पावलं किती लवकर पडतात, गुडघे किती वाकतात, वळताना वेग किती टिकतो, हे गुणतक्त्यात कुठेच नोंदलं जात नाही. पुढे एनएचएलच्या एका हंगामात ५१ गोल करणाऱ्या खेळाडूची घडण तिथेच चालू होती.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो वजनदार आहे. प्रशिक्षक कोणालाही उगाच पहिल्या फळीत घालत नाही. मुलगा सुधारला म्हणून त्याला जागा मिळाली, मग जागेचा वाटा वजा कशासाठी करायचा? हे अर्धं खरं आहे, म्हणून मी क्रम पाहते. जागा मिळण्याआधी, तिसऱ्या फळीत मोजकी मिनिटं मिळत असताना, त्याचा खेळ बदलला होता का? पक, म्हणजे खेळातली चकती, स्वतःच्या भागातून नुसता भिरकावून देण्याऐवजी तो घेऊन बाहेर पडू लागला होता का? पाच विरुद्ध पाच खेळताना त्याच्या वेळेत फटके कोणत्या दिशेला जात होते? बदल आधी आणि बढती नंतर असेल तर ती सुधारणा. बढती आधी आणि गुण नंतर असतील तर मी थांबते. बचावपटूंच्या बाबतीत तर दुसरा मार्गच नाही. समोरच्या संघाच्या सर्वोत्तम फळीसमोर वर्षभर उभ्या राहिलेल्या मुलाचे गुण कमी होऊनही तो लीगमधला सर्वाधिक सुधारलेला खेळाडू असू शकतो, आणि गुणांच्या यादीत त्याचं नाव कधीच वर येत नाही.

आकडे राहू द्या, डोळ्यांना दिसतंच की, असं म्हणणाऱ्यांशीही माझं पूर्ण जुळत नाही. डोळे गोल लक्षात ठेवतात, मार्च लक्षात ठेवतात आणि ऑक्टोबर विसरतात. शिवाय डोळ्यांना वाढलेलं शरीर आणि वाढलेलं कौशल्य यांतला फरक चटकन कळत नाही. इथे मुलांचे गट जन्मवर्षाप्रमाणे, जानेवारी ते डिसेंबर, असे पडतात. १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की कॅनडाच्या वरच्या ज्युनियर लीगमध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या बेसुमार जास्त आहे. लहानपणी अकरा महिन्यांनी मोठा असलेला मुलगा उंच असतो, म्हणून निवडला जातो, म्हणून त्याला चांगलं प्रशिक्षण मिळतं. २०१३ मध्ये डीनर, लोवन आणि कोब्ली यांनी १९८० पासूनच्या एनएचएल ड्राफ्टचा अभ्यास केला, तेव्हा वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू ज्या क्रमांकावर निवडले गेले त्या मानाने पुढे अधिक यशस्वी ठरले असं दिसलं. टॅनर पिअर्सनचा जन्म १० ऑगस्टचा. दोन ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतलं नाही. ओएचएलच्या बॅरी कोल्ट्सकडून ४२ गुणांच्या हंगामानंतर त्याने ६० सामन्यांत ९१ गुण केले आणि २०१२ मध्ये लॉस एंजेलिसने त्याला थेट पहिल्या फेरीत, ३० व्या क्रमांकावर निवडलं. अशा मुलाची झेप पाहताना मी दोन्ही बाजू धरते. त्यातला काही भाग उशिरा भरलेल्या शरीराचा असेलच. पण दोनदा डावलला जाऊनही जो टिकून राहिला त्याचा आरंभबिंदू इतरांपेक्षा मागे होता, हेही मोजायला हवं.

बॅरीचाच २०१४-१५ चा संघ या प्रश्नाची सर्वांत कठीण परीक्षा घेतो. केविन लबँक ३५ गुणांवरून १०७ वर गेला आणि अँड्रू मंजियापाने ५१ वरून १०४ वर. त्याच संघात वीस वर्षांच्या जोसेफ ब्लँडिसीने ११२ गुण केले. एकाच संघातले खेळाडू एकाच वेळी असे उसळले की मला आधी परस्परांच्या मदतीचा संशय येतो. पुढच्या हंगामात ब्लँडिसी वयामुळे गेला. लबँकने १२७ गुण केले आणि मंजियापानेने ५९ सामन्यांत १०६, म्हणजे आधार निघून गेला तरी दोघेही टिकले. वजाबाकीच करायची तर लबँक पुढे आहे. तरीही माझं मत मंजियापानेला. लबँकला सॅन होजेने २०१४ मध्ये, अवघ्या ३५ गुणांवर, निवडलं होतं. त्याच्यात काय आहे हे कोणाला तरी आधीच दिसलेलं होतं. मंजियापानेला ओएचएलच्या ड्राफ्टमध्येही कोणी घेतलं नव्हतं, २०१४ च्या एनएचएल ड्राफ्टमध्येही नाही. त्याचे गोल २४, ४३, ५१ असे चढत गेले आणि पुढे कॅलगरीकडून एका हंगामात ३५ झाले.

हे पश्चातबुद्धीचं शहाणपण आहे, असं कोणी म्हणेल. मत वसंतात द्यायचं तर पुढच्या वर्षीचा पुरावा कुठून आणायचा? पुढचा पुरावा मी खेळाडू निवडायला वापरत नाही, माझी मोजपट्टी तपासायला वापरते. म्हणून सर्वाधिक सुधारलेल्यांची जी यादी मी एप्रिलमध्ये करते ती फाडत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, वीस वर्षांचे निघून गेल्यावर आणि नव्या फळ्या बसल्यावर, ती पुन्हा समोर घेते आणि ज्या नावांवर माझा विश्वास फक्त गुणांमुळे बसला होता त्यांच्यापुढे खूण करते. त्या खुणा बहुतेक वेळा पॉवर प्लेवर वाढलेल्या फॉरवर्डपुढे पडतात. बचावपटूंच्या नावांपुढे त्या क्वचितच पडतात, आणि म्हणूनच पुढच्या एप्रिलमध्ये मी यादीची सुरुवात त्यांच्यापासून करते.