बेगम बाजाराची वाट

हैदराबादच्या गौळीगुडा बसस्थानकाचा हँगर ५ जुलै २०१८ च्या पहाटे कोसळला, तेव्हा बातमी मी नांदेडात वाचली. धोका ओळखून बसगाड्या आधीच हलवल्या होत्या, त्यामुळे कुणी सापडलं नाही. निजामकाळचा वारसा गेला म्हणून वर्तमानपत्रं हळहळली. मला मात्र आधी आत्या आठवली, आणि मग पितळेचं घंगाळ.

खरं तर ती विमानं ठेवायची शेड. अमेरिकन बनावटीची, कमानदार लोखंडी छपराची. निजाम सरकारनं १९३२ साली रेल्वेच्या जोडीला रस्त्यावरची वाहतूक हाती घेतली. सुरुवातीला गाड्या होत्या २७. पुढे या शेडखाली विमानांऐवजी बसगाड्या लागल्या. १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघाला आणि आमच्या गाड्यांचा मालक बदलला, पण लग्नाच्या खरेदीची हैदराबादच्या बेगम बाजाराची वाट काही बदलली नाही. तिकडच्या सरकारी बसच्या नंबरात ‘झेड’ हे अक्षर असायचं. ते शेवटच्या निजामानं आपल्या आईच्या, जहरा बेगमच्या, नावाचं घातलं असं सांगतात. बाजारही बाईच्याच नावाचा. दुसऱ्या निजामाच्या बेगमनं, हमदा बेगमनं, ही जमीन व्यापाऱ्यांना दिली, म्हणून तो बेगम बाजार.

नांदेडहून जायला दोन वाटा होत्या. एक मीटर गेजची रेल्वे, काचीगुड्याला उतरवणारी. दुसरी देगलूर, मदनूर, पिटलम, संगारेड्डी करत गौळीगुड्यात शिरणारी बस. भांडी घ्यायची असली की आमच्याकडे बसच. बसला टप असतो.

आत्या फीलखान्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत राहायची. तिथं कधीकाळी हत्ती बांधत. माझ्या वेळी गोण्यांवर गोण्या होत्या. तिचे यजमान मसाल्याच्या पेढीवर मुनीम होते, ते लवकर गेले. पुढे ती पापड लाटून दुकानांना घालायची. माहेरी परत ये असं बाबांनी एकदा म्हटलं होतं म्हणतात. एकदाच.

ती आम्हाला न्यायला हँगरपाशी उभी असे. बाबा रिक्षावाल्याला हाक मारायला लागले की म्हणायची, “दादा, येताना बंडी करायचीच आहे. हात मोकळे आहेत तोवर चालून घ्या.” मग उस्मानगंजाच्या अंगानं आमची वरात निघे. बेगम बाजाराच्या गल्ल्यांत बस शिरत नाही, शिरूच शकत नाही. आतली वाहतूक म्हणजे हातबंडी, सायकलरिक्षा आणि माणसाचं डोकं. मागून “हल्लू, हल्लू” आलं की भिंतीला चिकटायचं आणि मिरचीचं पोतं पुढे गेलं की शिंकायचं. आत्याचा एक नियम होता. जाताना एकाही दुकानात भाव विचारायचा नाही, नुसतं बघत टोकापर्यंत जायचं. भाव परतताना. जाणाऱ्याला घाई असते हे दुकानदाराला कळतं, म्हणायची.

ताईचं लग्न ठरलं, तेव्हा मी सातवीत होते. बाबा भांड्यांच्या पेढीवर हिशेब करायला थांबले आणि घंगाळावर नाव घालायला आत्या मला घेऊन गेली. दोन दुकानांच्या मधल्या पायरीवर एक म्हातारे बसत. चष्म्याची एक काडी दोऱ्याची. त्यांनी घंगाळात जुनं धोतर कोंबलं, नाहीतर प्रत्येक घावाला पितळ गल्लीभर वाजलं असतं. मग मांडीवर बारदान, त्यावर घंगाळ आडवं, आणि खडूनं एक रेघ.

“किसके तरफ से डालूँ, अम्मा?”

घंगाळाचे पैसे आत्याचे होते. तिनं ते रुमालाच्या गाठीतून माझ्यासमोर मोजून दिले होते, बऱ्याचशा एकेक रुपयाच्या नोटा. ती थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिली आणि मग तिनं बाबांचं नाव सांगितलं, आडनावासकट.

“और आपका?”

“मेरा नक्को.”

मी म्हटलं, “आत्या, पैसे तर तुझे.”

“गप बस. रुखवतात मांडायचंय ते. तिथं विधवेचं नाव कशाला?”

छिन्नी, हातोडी, ठिपका. टाचणीच्या डोक्याएवढा प्रत्येक ठिपका आधी पांढरा दिसायचा आणि बोटानं पुसला की चमकायचा. म्हाताऱ्यांनी बाबांचा काना जरा लांब काढला, तेवढा एकच दोष. आत्या उकिडवी बसून एकेक अक्षर होताना बघत होती. नाव संपलं तसं तिनं पदरानं घंगाळ पुसलं आणि भाव ठरला होता त्यावर चार आणे जास्त दिले. घासाघीस न करता पैसे देताना तिला मी तेवढंच पाहिलं.

संध्याकाळी हँगरमध्ये बोचक्यावर बसून गाडीची वाट पाहिली. त्या छपराखाली कंडक्टरांच्या आरोळ्या, भांड्यांचा खणखणाट, पोरांचं रडं, सगळं वर जाऊन परत अंगावर यायचं. लगेजवरून कंडक्टर अडला, तर आत्या भांडून जिंकली. हमालाकडून तिनं घंगाळ टपावर मधोमध बांधून घेतलं.

लग्नात ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. बाबा पाहुण्यांना घंगाळ दाखवत म्हणाले, “खास हैदराबादहून आणवलं.” कुणाकडून, ते सांगितलं नाही. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण हे मी त्यांना माफ केलेलं नाही.

आता हँगरची जागा बघवत नाही. मोठं बसस्थानक १९९४ पासून मुसीच्या काठी इमलीबनला आहे. मेट्रोही आली, नारायणगुडा, सुलतान बाजार, की लगेच बसस्थानक. गार हवा, स्वच्छ डबा, वेळेवर गाडी. मला ती आवडते आणि रागही येतो, कारण मेट्रो फक्त माणसांसाठी आहे. तपासणीच्या यंत्रातून घंगाळ कसं सरकवणार? हँगर कळकट होता, पण तिथं माणूस आणि त्याचं बोचकं यांना एकच रांग होती.

तर जाणाऱ्यांसाठी सांगते. काचीगुडा रेल्वे स्टेशनला लागून मेट्रो नाही, थोडं चालावं लागतं. बसस्थानकाला उतरा आणि अफझलगंजावरून चालत जा. रिक्षा जाताना करू नका, येताना करा. बाजाराच्या टोकापर्यंत आधी नुसतं बघत जा. भांड्यांवर नावं घालून देणारे आजही भेटतात, हल्ली विजेच्या पेननं मिनिटभरात काम होतं. कुणाच्या नावानं, असं ते विचारतील. पैसे जिचे असतील तिचं नाव सांगा.