चाकोरी सोडून : पंढरपूर ते मंगळवेढा

राजस्थानात वाळूच्या टेकड्यांवर जीप चालविणे हा हौशी लोकांचा खेळ. परंतु पक्की सडक सोडून गाडी हाकण्याचे कसब आपल्या सोलापूर जिल्ह्यालाही नवे नाही. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा हा तर अवर्षणाचा पट्टा. चालक मुलांनी आणि सहकुटुंब निघणाऱ्या बांधवांनी हा मुलूख एकदा गाडीवाटांनी अवश्य पाहावा.

पंढरपुरात ‘वाळवंट’ म्हणजे चंद्रभागेचे पात्र. तिथे मात्र गाडी घालू नये. वरून सपाट दिसणाऱ्या वाळूत उपशाचे खड्डे असतात आणि माणसे स्नानाला उतरलेली असतात. आपली वाट पात्राबाहेरची.

सर्वांत सोपी वाट मुरमाड माळाची. सांगोल्याच्या बाजूला असे माळ पुष्कळ. पाणी झटकन निचरते, चाक रुतत नाही. दगड तेवढे पाहून दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश जावे. नवशिक्याने हात इथेच बसवावा.

दुसरी वाट ओढ्यांची. ओढा आला की गाडी थांबवावी, एकाने काठी घेऊन आधी पायी उतरावे. तळ घट्ट असेल तर पहिल्या गिअरमध्ये न थांबता पार व्हावे. कोरड्या ओढ्यात मऊ वाळू असेल तर टायरची हवा थोडी कमी करावी, म्हणजे चाक पसरते आणि रुतत नाही. सडकेवर आल्यावर हवा पुन्हा भरून घ्यावी.

सर्वांत कठीण मंगळवेढ्याची काळी रान. ज्वारीचे कोठार म्हणून या मातीची ख्याती. पण पाऊस पडला की तीच माती चाकाला डिंकासारखी चिकटते. चारही चाकांना जोर देणारी जीपदेखील जागीच घसरते. अशा वेळी वाट वाळेपर्यंत थांबावे, त्यात कमीपणा नाही. वाळल्यावर बैलगाड्यांच्या खोल चाकोऱ्या दगडासारख्या होतात. त्यात चाक न घालता एक चाक मधल्या उंचवट्यावर ठेवावे. पेरलेल्या रानात गाडी मुळीच घालू नये. ज्याचा बांध, त्याची परवानगी आधी. मार्गशीर्ष-पौषात दुतर्फा ज्वारी डुलत असते. तेव्हाची शोभा काय वर्णावी!

मंगळवेढा हे चोखोबांचे गाव. गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते १३३८ साली गेले, असे परंपरा सांगते. ज्या मंदिरात त्यांना जिवंतपणी प्रवेश नव्हता, त्याच्या महाद्वाराबाहेर पंढरपुरात त्यांची समाधी आहे. या पंचवीसेक किलोमीटरांच्या प्रवासाची दोन टोके ही अशी आहेत.

बंधुभगिनींनो, वाट आणि वाहन यांचा आपल्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. १९०१ साली बालवयातील बाबासाहेब भावंडांसह मसूर स्टेशनवरून वडिलांकडे निघाले. जात कळताच गाडीवान विटाळ मानू लागला. दुप्पट भाडे घेऊन तो पायी चालला आणि बैल पोरांनी हाकले. रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळाले नाही. पुढे १९२९ साली चाळीसगावला टांगेवाले त्यांना नेण्यास तयार होईनात. तेव्हा आपल्याच माणसांनी टांगा भाड्याने आणला. पण हाकणारा नवखा होता. टांगा उलटला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. त्या बांधवाची माया खरी होती, उणीव होती ती सरावाची. तेच बाबासाहेब १९३७ सालच्या अखेरीस पंढरपुरात दलित वर्गाच्या परिषदेला आले, ते पुढारी म्हणून!

यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. केवळ गाडी मिळून भागत नाही, हात तयार हवा. आज आपली कितीतरी मुले जीप, टेम्पो, ट्रॅक्टर चालवून घर चालवतात. त्यांनी चिखल, वाळू, ओढा, चढ यांची परीक्षा दिली तर ते कसब पोटालाही उपयोगी पडेल. आणि हे शिक्षण मुलांपुरते का ठेवावे? लेकीसुनांच्या हातीही स्टिअरिंग द्यावे. माळावर रहदारी नसते, शिकायला याहून चांगली जागा कोणती?

निघताना जादा चाक, जॅक, दोर, फावडे आणि भाकरी-चटणी बरोबर असू द्या. पिण्याचे पाणी दुप्पट घ्या. वाटेत कुणी तहानलेला भेटला तर त्याची जात न विचारता त्याला आधी पाणी द्या.

जयभीम!