स्टेपनी नसलेली गाडी

आमच्या फ्रीमाँटला कोणी पाहुणे आले की त्यांना दाखवायच्या जागा ठरलेल्या असतात. मिशन पीक, नाइल्समधली चार्ली चॅप्लिनच्या आठवणी जपणारी गल्ली, आणि ८८० वरून जाताना दिसणारा टेस्लाचा पांढराशुभ्र कारखाना. या यादीत मी सेंटरव्हिलमधलं एक टायरचं दुकान घालावं असं म्हटलं, तर निखिल मला वेड्यात काढेल. पण गेल्या वर्षभरात मी या गावाला खऱ्या अर्थाने ओळखायला लागले ती त्या दुकानासमोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून.

गोष्ट जानेवारीतली. रविवारी सकाळी ओवीला मराठी शाळेला घेऊन निघाले होते. बाहेर पाऊस होता. फ्रीमाँटहून प्लेझंटनकडे जायचं तर ६८० वरचा सुनोलचा घाट चढून उतरावा लागतो. घाट म्हणजे आपला खंबाटकी नव्हे, पण उतार आणि वळण आहे. मागच्या सीटवर ओवी बाराखडी घोकत होती. ती ‘गं’पर्यंत आली आणि गाडीची मागची बाजू पाण्यावर तरंगल्यासारखी सरकली. एकच सेकंद असेल. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, पण गाडी नव्हती. मग टायरने पुन्हा रस्ता धरला. ओवीला काही कळलंही नाही, ती ‘गः’ म्हणून मोकळी झाली. मी मात्र पुढचा सगळा रस्ता उजव्या लेनमधून, ट्रकच्या मागे काढला.

शाळेच्या पार्किंगमध्ये एका ताईंनी पर्समधून एक पेनी काढून दिली. म्हणाल्या, “लिंकनचं डोकं खाली करून टायरच्या खाचेत घाल. डोक्याचा वरचा भाग दिसला की टायर संपला.” पुढच्या टायरमध्ये लिंकनसाहेब कपाळापर्यंत बुडाले. मागच्यात मात्र त्यांचे केस अगदी काठाला आले होते. आपल्याकडे म्हणतात तसा टायरचा पार गोटा झाला नव्हता, पण वाट तिकडचीच होती.

गाडी घेऊन दीड वर्ष झालं होतं, एकोणीस हजार मैल. गाडीसोबत आलेल्या माहितीत स्पष्ट लिहिलंय की दर ६,२५० मैलांनी चाकांची अदलाबदल करा. म्हणजे पुढची मागे, मागची पुढे. आम्ही एकदाही केली नव्हती. आधीच्या पेट्रोलच्या गाडीत हे आपोआप व्हायचं. ऑइल बदलायला गाडी नेली की तिथला माणूस चाकंही बदलून द्यायचा, पाच-पंचवीस डॉलर बिलात कुठे गेले कळायचंही नाही. इलेक्ट्रिक गाडीला ऑइल नाही, म्हणून गॅरेज नाही, म्हणून आठवण करून देणारं कोणी नाही. ‘हिला काही करावंच लागत नाही’ असं आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगत होतो.

सोमवारी फोन करायला बसले. पहिल्या ठिकाणी साध्या गाडीला पंचवीस डॉलर, इलेक्ट्रिकला पंचेचाळीस. दुसऱ्या ठिकाणी टायर त्यांच्याकडून घेतले असतील तर फुकट, नाहीतर चाळीस. घरी येऊन करून देणाऱ्याने साठच्या वर सांगितले. एका गॅरेजने तर ‘आम्ही या गाड्या उचलत नाही’ म्हणून फोनच ठेवला. मराठीची का असेना, मी शिक्षिका होते. काम तेच, चार चाकं तीच, तर वीस डॉलर जादा कशाचे, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

उत्तर मिळालं सेंटरव्हिलमध्ये. १९५६ साली पाच गावं एकत्र करून फ्रीमाँट शहर झालं, त्यातलं हे एक. अफगाण लोकांची वस्ती एवढी की या भागाला ‘लिटल काबूल’ म्हणतात. ‘द काइट रनर’ वाचलेल्यांना फ्रीमाँट आठवत असेल. दुकानाचे मालकही अफगाण, वयाने माझ्या बाबांएवढे. मी प्रश्न विचारल्यावर त्यांनी मला गाडीशेजारी उभं केलं आणि शिकवायलाच घेतलं.

गाडीच्या पोटात सगळीकडे बॅटरी पसरलेली असते. जॅक चुकीच्या जागी लागला तर ती फुटायची भीती. म्हणून ठरलेल्या चार जागी रबराचे गोल ठोकळे बसवूनच गाडी उचलायची. माझ्या गाडीचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास, आमच्या जुन्या कोरोलापेक्षा चारशे किलोंहून जास्त. नट हातपान्याने अंदाजे आवळून चालत नाही, मोजणाऱ्या पान्यावर १२९ चा आकडा लावून एकेक नट आवळावा लागतो. “काम तेच आहे,” ते म्हणाले, “पण चूक महाग आहे. वीस डॉलर त्या चुकीचे.”

आणि मागचेच टायर का झिजले? माझी गाडी मागच्या चाकांवर चालते. पाय दाबताक्षणी मोटरचा सगळा जोर त्यांच्यावर येतो. पाय उचलला की तीच मोटर उलटी वीज तयार करत गाडी आवरते, तोही भार त्यांच्यावरच. म्हणजे ओढायचंही त्यांनीच आणि थांबवायचंही त्यांनीच. पुढची बिचारी वळण्यापुरती.

आता नुसत्या अदलाबदलीने भागणार नव्हतं. मागचे दोन्ही टायर नवे घ्यावे लागले. आतून फोम लावलेले, आवाज कमी करणारे. बसवण्यासकट ५८० डॉलर झाले. परदेशात कितीही वर्षं काढली तरी मनातलं रुपयांचं यंत्र बंद होत नाही, त्याने ताबडतोब पन्नास हजारांच्या जवळचा आकडा दाखवला. तीन वेळच्या अदलाबदलीचे १३५ डॉलर आम्ही ‘वाचवले’ होते, त्याची ही किंमत. आणि घाटातला तो एक सेकंद, त्याचा हिशेब तर कुठल्याच चलनात नाही.

काम होईपर्यंत शेजारच्या बेकरीतून हातभर लांब गरम नान घेऊन आले. मालकांना अर्धा दिला. खुर्चीत बसून मिशन पीककडे बघत खाल्ला. पावसाने डोंगर हिरवा झाला होता, साताऱ्याकडचे डोंगर ऑगस्टमध्ये असतात तसा. तेव्हा बाबांची चेतक आठवली. सांगलीला विश्रामबागेत, दिवाळीच्या आधीच्या रविवारी बाबा स्कूटर आडवी करायचे. मागचं चाक स्टेपनीला, स्टेपनी पुढे, पुढचं मागे. मी नट वाटीत सांभाळायची. पैसे शून्य. “मागच्या चाकावर आपण सगळे बसतो,” ते म्हणायचे, “त्याला पण सुट्टी पाहिजे.”

त्या खुर्चीत मला ते वाक्य नीट कळलं. सांगलीला ज्युनिअर कॉलेजात पाच वर्षं मराठी शिकवून मी इथे आले. निखिलच्या व्हिसावर असल्यामुळे कामाची परवानगी नव्हती. शाळा, डबे, डॉक्टर, गाडी सगळं माझ्याकडे. नोकरी आणि व्हिसाची काळजी त्याच्याकडे. संसाराची दोन चाकं हे आपण लग्नाच्या भाषणांत ऐकतो. त्यांची अदलाबदल करायची असते, हे मात्र कोणी सांगत नाही. मी थकले होते ते सांगितलं नव्हतं, आणि त्याने विचारलं नव्हतं. दोघांचीही चूक. आम्हीही ‘काही करावंच लागत नाही’ यावर विसंबलो होतो.

त्या रात्री आम्ही बोललो. भांडण म्हणा हवं तर, पण उपयोगी भांडण. मार्चमध्ये माझ्या हातात कामाची परवानगी पडली. आता आठवड्यातून तीन दिवस ओवीची सकाळ निखिलकडे असते. पहिल्या दिवशी डब्यात नुसता ब्रेड गेला. आता पोळी जाते, गोल नसली तरी. मी पदवीची कागदपत्रं तपासायला पाठवली आहेत. बदली शिक्षिका म्हणून वर्गात उभं राहण्याची ही पहिली पायरी.

परवा, दिवाळीच्या आधी, ठरल्याप्रमाणे पुन्हा सेंटरव्हिलला गेलो. या वेळी तिघंही. पंचेचाळीस डॉलर, पाऊण तास. ओवीने स्वतः पेनी घालून चारही टायर तपासले आणि वहीत मैलांचा आकडा लिहिला, पुढची तारीख तिला सांभाळायची आहे. संध्याकाळी बाबांना व्हिडिओवर सगळं दाखवलं. त्यांनी कौतुकाने ऐकलं आणि मग विचारलं, “अगं, पण स्टेपनी कुठाय?”

“या गाडीला स्टेपनी नसते बाबा.”

ते जरा वेळ गप्प राहिले. “मग तर आहेत त्या चाकांना जपायला पाहिजे,” म्हणाले.

इथे आपल्यापैकी कोणाकडेच स्टेपनी नाही. आजी-आजोबा, काकू, शेजारच्या मावशी, सगळे तेरा-चौदा हजार किलोमीटरांवर. अडलं-नडलं तर मंडळातली चार माणसं धावून येतात, त्यांचे आभार. पण रोजच्या रस्त्यावर आहेत त्याच चाकांवर चालायचं आहे. या दिवाळीत फराळाची तयारी सुरू करण्याआधी एक पेनी घेऊन खाली जा. आणि वर आल्यावर घरातल्या माणसांनाही विचारा, कोण किती झिजलंय ते.