जुलाब लागले की पाणी तोडू नका
बदलीच्या नोकरीमुळे महाराष्ट्रातून दिल्लीत आलेल्या कुटुंबांना तिथला पहिला उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा चांगलाच लक्षात राहतो. पारा ४० अंशांच्या वर, कोपऱ्यावर गोलगप्पे आणि बर्फ घातलेले सरबत, आणि घरात कुणा ना कुणाचे पोट बिघडलेले. पहाटेपासून मुलाला पाच-सहा पातळ जुलाब झाले की पुण्याला फोन जातो. पलीकडून सासूबाई सांगतात, "अगं, आता त्याला पाणी देऊ नकोस. दिलंस की लगेच बाहेर पडेल." घाबरलेली सून ऐकते. मायेने दिलेला हा सल्ला मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

जुलाबाने माणूस दगावतो तो बहुधा अंगातले पाणी आणि क्षार संपल्यामुळे. लहान मूल तर काही तासांतच कोमेजते. आतड्याची गंमत अशी, की जुलाब चालू असतानाही ते साखर आणि मीठ एकत्र शोषून घेते व त्यांच्याबरोबर पाणीही आत ओढले जाते. नुसत्या पाण्याने हे तितके साधत नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांमध्ये पटकीची साथ आली आणि सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते ४ च्याही खाली आले. पाजणारे बहुतेक रुग्णांचे नातेवाईकच होते, हे विशेष.

दिल्लीत या दुखण्याचे मूळ बरेचदा पाण्यातच सापडते. १९८८ च्या पावसाळ्यात यमुनापारच्या पुनर्वसन वसाहतींत पटकीने शेकडो माणसे गेली. उथळ हातपंपांच्या पाण्यात मैला मिसळला होता. आजही अनेक भागांत नळ थोडाच वेळ येतो. मधल्या वेळात रिकाम्या नळात फटींतून गटाराचे पाणी झिरपू शकते आणि नळाला थेट मोटार लावली की ती घाण आणखी खेचली जाते. वास येणारे, गढूळ पाणी पिऊ नये. एरवीही शंका असेल तर उकळूनच प्यावे.

अर्थात दर वेळी दोष पाण्याचाच असतो असे नाही. लग्नाच्या जेवणानंतर तीन-चार तासांत अनेकांना उलट्या सुरू झाल्या, तर शंका उघड्यावर राहिलेल्या अन्नाची. लहान मुलांत रोटा विषाणू असतो. त्यावरची भारतीय लस दिल्लीच्या एम्समध्ये १९८० च्या दशकात नवजात बाळांत सापडलेल्या विषाणूपासूनच तयार झाली आणि २०१६ पासून सरकारी लसीकरणात आली.

घरात ओआरएसची पाकिटे ठेवावीत. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण पाकीट घालावे, अर्ध्यामुर्ध्याचा अंदाज नको. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला दुप्पट, थोरांना हवे तितके. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पाजावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. मऊ भात, वरण, ताक, केळे चालते. ओआरएसच्या नावाने गोड पेयेही विकली जात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव छापायला मनाई केली.

जुलाब थांबवणारी गोळी मुलांना मनाने देऊ नये. शौचात रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, मूल मलूल, पाणीही घेत नाही, सतत उलट्या किंवा पोटात न थांबणारी कळ, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. तान्हे बाळ, गरोदर बाई आणि म्हातारी माणसे यांच्या बाबतीत त्याहून लवकर.

डॉक्टर मुलाला झिंकच्या गोळ्या १४ दिवसांसाठी देतात. चौथ्या दिवशी मूल खेळू लागते आणि उरलेल्या गोळ्या कपाटात जातात. त्याही द्यायच्या असतात, कारण पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब लागण्याचा संभव त्यांनीच कमी होतो.